विरजण लावणारा शास्त्रज्ञ : एली मेचनिकॉफ

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत मी आजीशी भांडते, मैत्रिणींशी गप्पा मारते, पण लिहायची वेळ आली की हात आपोआप इंग्रजीकडे वळतो. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेने लेख मागितला तेव्हा मला घामच फुटला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कृपया पोटात घाला. नाहीतरी विषय पोटाचाच आहे!

हा विषय मला मेसमध्ये मिळाला. थर्ड इयरला आम्हा बायोटेकवाल्यांना मिनी-प्रोजेक्ट असतो. आमच्या ग्रुपचा विषय होता, दुग्धजन्य पदार्थांतील प्रोबायोटिक जिवाणूंचा शोध आणि ओळख. नाव एकदम भारदस्त, नमुना मात्र मेसच्या दह्याचा. ते दही आम्ही निर्जंतुक सलाइनमध्ये दहापट, पुन्हा दहापट असं पातळ करत नेलं, एमआरएस नावाच्या अगारवर पसरलं आणि प्लेट्स ३७ अंश सेल्सिअसला ठेवून दिल्या. दोन दिवसांनी प्लेटवर पांढऱ्या कॉलनीज उगवल्या. ग्राम स्टेन केला तर मायक्रोस्कोपखाली जांभळ्या काड्या! आम्ही अक्षरशः नाचलो. मेसच्या दह्यात प्रोबायोटिक सापडलं म्हणून मेसच्या मावशीसुद्धा खूष झाल्या. आणि व्हायवाला मॅडमनी एकच प्रश्न विचारला, की हे प्रोबायोटिक आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमची बोलती बंद. मार्क गेले ते गेलेच.

त्या रात्री चिडून मी लायब्ररीतून आणलेली पुस्तकं उपसायला बसले. तिथे मला एक दाढीवाला, विस्कटलेल्या केसांचा माणूस भेटला. शंभर वर्षांपूर्वी त्याने दह्याच्या वाटीकडे अख्ख्या जगाचं लक्ष वेधलं होतं. आणि गंमत म्हणजे, आम्ही जी चूक केली, साधारण तशीच चूक नोबेल मिळालेल्या या माणसानेही केली होती! त्याचं नाव एली मेचनिकॉफ.

मेचनिकॉफचा जन्म १८४५ च्या मे महिन्यात खारकॉव्हजवळच्या एका खेड्यात झाला. तेव्हा तो भाग रशियन साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. लहानपणापासून किडे, झाडं, पानं यांचं वेड. खारकॉव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम या पठ्ठ्याने दोन वर्षांत संपवला. (आपल्याकडे चारचा पाच-सहा वर्षांत संपवणारे आहेत, पण ते असो.) पुढे जर्मनीत आणि इटलीत समुद्री जिवांचा अभ्यास करून तो बाविसाव्या वर्षी ओडेसाच्या विद्यापीठात शिकवायला लागला. त्याचे काही विद्यार्थी त्याच्यापेक्षा वयाने मोठे असतील!

इथपर्यंत वाचून मला वाटलं, झालं, आणखी एक टॉपर. पण पुढचं वाचलं आणि मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले.

१८६९ मध्ये त्याचं ल्युडमिला नावाच्या मुलीशी लग्न झालं. तिला क्षयाचा आजार होता. लग्नाच्या दिवशी ती इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावं लागलं. तिला वाचवण्यासाठी त्याने चार वर्षं जिवाचं रान केलं. हवा चांगली म्हणून तिला मदेइरा बेटावर नेलं. पैसे कमी पडायचे म्हणून भाषांतराची कामं केली. त्याचे स्वतःचे डोळे बिघडले. आणि १८७३ मध्ये ल्युडमिला गेली. मेचनिकॉफने तेव्हा स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. तो वाचला. १८७५ मध्ये त्याने ओल्गाशी लग्न केलं. १८८० मध्ये तिला टायफॉइड झाला. तीही जाणार या भीतीने, शिवाय विद्यापीठातल्या राजकारणाने आणि स्वतःच्या आजारपणाने तो पुन्हा पार खचला. त्याने एका तापाचे जंतू स्वतःलाच टोचून घेतले. प्रयोगही होईल आणि मरणही येईल, असा त्यामागचा विचार होता. याही वेळी तो वाचला, आणि ओल्गाही बरी झाली.

मी हे मुद्दाम लिहिते आहे. परीक्षेच्या दिवसांत आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये रात्री कुठल्या खोलीतला दिवा का जळतो हे आपल्याला नेहमी कळतंच असं नाही. मेचनिकॉफने आयुष्यात जे काही मोठं केलं, ते सगळं या दोन प्रसंगांच्या नंतर केलं. हे वाचताना कुणाला स्वतःचं काही आठवलं तर एकच विनंती, शेजारच्या खोलीचं दार वाजवा. कितीही वाजले असले तरी.

असो. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि रशियातलं वातावरण बिघडलं. विद्यापीठातले वाद असह्य होऊन १८८२ मध्ये मेचनिकॉफने नोकरी सोडली आणि तो बायको आणि तिच्या भावंडांना घेऊन सिसिलीतल्या मेसिना गावी गेला. नोकरी नाही, कॉलेज नाही. समुद्राकाठच्या घराच्या दिवाणखान्यातच त्याने मायक्रोस्कोप मांडला.

एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती. हा एकटाच घरी. ताराम‍ाशाची अळी अगदी पारदर्शक असते. तिच्या शरीरात फिरणाऱ्या पेशी तो बघत बसला होता. अचानक त्याच्या मनात आलं, या पेशी बाहेरून आलेल्या शत्रूला खाऊन टाकत असतील का? तो बागेत गेला, गुलाबाचे काटे तोडून आणले आणि अळ्यांच्या कातडीखाली खुपसले. रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला! आपल्या पायात काटा मोडला की पू होतो, त्यामागचं रहस्य त्या काचेवर दिसत होतं. या भक्षक पेशींना फॅगोसाइट हे नाव व्हिएन्नाच्या प्राध्यापक क्लाउस यांच्याकडून मिळालं. रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्राचा एक मोठा खांब तिथे, त्या दिवाणखान्यात उभा राहिला.

पण जग लगेच कुठे मानतं? जर्मन शास्त्रज्ञांचा मोठा गट म्हणत होता की रोगाशी लढण्याची ताकद रक्तातल्या द्रवात आहे, पेशींत नाही. बर्लिनला रॉबर्ट कॉखकडे हा आपल्या स्लाइड्स घेऊन गेला तर तिथे थंड स्वागत झालं. १८८६ मध्ये ओडेसात नवी जंतुशास्त्र संस्था निघाली, तिचा तो प्रमुख झाला. पण तो डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. गावातल्या डॉक्टरांनी त्याला सुखाने काम करू दिलं नाही. १८८८ मध्ये तो पॅरिसला लुई पाश्चरकडे गेला. पाश्चरने त्याला नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली आणि मेचनिकॉफ मरेपर्यंत, म्हणजे २८ वर्षं, तिथेच राहिला. १९०८ चं वैद्यकाचं नोबेल त्याला आणि पॉल एर्लिख यांना विभागून मिळालं. एक पेशीवाला, एक द्रववाला. दोघेही बरोबर होते!

इथे आपल्या मुंबईचा एक धागा सापडतो. ओडेसात मेचनिकॉफच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी त्याच्या मागोमाग पॅरिसला आला. पाश्चर संस्थेत त्याला आधी ग्रंथपालाची नोकरी मिळाली. त्या मुलाचं नाव वॉल्डेमार हाफकिन. पुढे त्याने कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९३ मध्ये तो भारतात आला. मुंबईत प्लेगने थैमान घातलं तेव्हा त्याने प्लेगची लस बनवून १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट ती त्याचीच. म्हणजे मेचनिकॉफ आपल्याला वाटतो तितका परका नाही.

आता दह्याकडे येते. दह्याची गोष्ट सुरू होते कॉलऱ्यापासून. १८९२ मध्ये मेचनिकॉफने कॉलऱ्याच्या जंतूंचं कल्चर चक्क पिऊन टाकलं. त्याला काहीच झालं नाही. एका सहकाऱ्यालाही काही झालं नाही. पण आणखी एक स्वयंसेवक मरता मरता वाचला. (हे आज कुठल्याही एथिक्स कमिटीसमोर नुसतं बोललं तरी हाकलून देतील.) मेचनिकॉफला प्रश्न पडला, जंतू तोच, मग माणसागणिक फरक का? प्लेटवर पाहिलं तर काही जिवाणूंच्या शेजारी कॉलऱ्याचा जंतू जोमाने वाढायचा, काहींच्या शेजारी वाढायचाच नाही. मग पोटातही असंच होत असेल का? आपल्या आतड्यात आधीपासून कोण राहतं यावर आपली तब्येत ठरते, ही कल्पना आज मायक्रोबायोम या नावाने ओळखली जाते. तिची एक सुरुवात इथे आहे.

वय वाढू लागलं तसा मेचनिकॉफ म्हातारपणाच्या मागे लागला. त्याचं म्हणणं होतं की मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जिवाणू विषारी द्रव्यं तयार करतात आणि त्यामुळे माणूस लवकर म्हातारा होतो. मग कुजणं थांबवायचं कसं? त्याने पाहिलं की दूध आपोआप आंबलं तर ते मांसासारखं कुजत नाही, कारण लॅक्टिक आम्ल कुजवणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक आजीला हे विरजण लावता लावता कळलेलं असतं, फक्त तिने पेपर लिहिलेला नसतो. त्याच सुमारास बल्गेरियात शंभरी गाठलेली माणसं खूप आहेत आणि ती आंबट दूध भरपूर खातात, अशी माहिती त्याच्या कानावर आली. १९०४ मध्ये त्याने पॅरिसमध्ये म्हातारपणावर जाहीर व्याख्यान दिलं, आणि दह्याची अशी काही लाट आली की विचारू नका.

१९०५ मध्ये जिनिव्हात शिकणाऱ्या स्टॅमेन ग्रिगोरॉव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने आपल्या देशाच्या दह्यातून काडीसारखा एक जिवाणू वेगळा केला. लक्षात घ्या, तेव्हा तो आपल्यापेक्षा थोडाच मोठा होता, २७ वर्षांचा. हाच तो बल्गेरियन बॅसिलस. आज त्याचं अधिकृत नाव लॅक्टोबॅसिलस डेलब्रुकी, उपजाती बल्गॅरिकस. मेचनिकॉफने हा जिवाणू उचलून धरला. तो कच्च्या दुधाच्या विरोधात होता. दूध उकळावं आणि मग शुद्ध कल्चरचं विरजण लावावं, असा त्याचा आग्रह होता. तो स्वतः वर्षानुवर्षं रोज आंबट दूध घेत असे. त्याने लिहिलेल्या पुस्तकाच्या नावात आशावादी हा शब्द होता. दोनदा मरायला निघालेला माणूस आता जगाला जास्त जगायला शिकवत होता!

पण इथेच त्याची आणि आमची चूक सारखी आहे. दह्यात चांगला जिवाणू आहे, दही खाणारे जास्त जगतात असं म्हणतात, म्हणजे तो जिवाणू आतड्यात जाऊन राहतो आणि आयुष्य वाढवतो. यातल्या प्रत्येक 'म्हणजे' ला पुरावा लागतो. बल्गेरियातल्या म्हाताऱ्यांच्या वयाच्या नोंदी कितपत भरवशाच्या होत्या? आणि तो जिवाणू पोटात जिवंत पोचतो का, तिथे राहतो का? १९२० च्या आसपास अमेरिकेत येल विद्यापीठात लिओ रेटगर यांनी तपासलं तेव्हा दिसलं की बल्गेरियन जिवाणू माणसाच्या आतड्यात घर करत नाही. घाईने काढलेल्या निष्कर्षांची किंमतही कुणीतरी मोजत होतं. आतड्यातल्या विषाची ती कल्पना खरी मानून लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाच्या सर्जनने तर बद्धकोष्ठाच्या पेशंटांचं मोठं आतडंच कापून टाकायला सुरुवात केली होती.

मग आज दह्यातला प्रोबायोटिक जिवाणू ओळखतात कसा? मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला जे समजलं ते हॉस्टेलच्या भाषेत सांगते. प्रश्न तीन आहेत. जिवंत आहे का? आहे कोण? आणि आहेत किती?

पहिला आणि तिसरा प्रश्न प्लेटवर सुटतो. जिवंत पेशीच वाढून कॉलनी बनवते, म्हणून कॉलनीज मोजायच्या. पण दह्यात बरेच जण एकत्र राहतात, म्हणून प्रत्येकासाठी वेगळी मेस! बल्गॅरिकससाठी ५.४ पीएचचा आंबट एमआरएस अगार, त्याच्या जोडीदार स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलससाठी एम-१७ अगार. बिफिडोबॅक्टेरियाला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून त्याला हवाबंद डब्यात वाढवायचं आणि अगारमध्ये म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक घालायचं. बाकीचे त्यात वाढत नाहीत, हा टिकतो. योगर्टच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार त्याच्या एका ग्रॅममध्ये मूळ विरजणाचे किमान एक कोटी जिवंत जिवाणू हवेत, आणि लेबलवर आणखी एखाद्या जिवाणूचं नाव छापलं असेल तर तो किमान दहा लाख.

दुसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. जांभळी काडी दिसली म्हणजे फक्त युनिफॉर्म दिसला. कॅटॅलेज टेस्ट, ४९ प्रकारच्या साखरांतली कुठली पचवतो याची पट्टी, यांवरून अंदाज येतो. मग पीसीआर करून १६-एस नावाच्या जनुकाची साधारण १५०० अक्षरं वाचायची. त्यावरून जिवाणूचं आडनाव कळतं, बहुतेकदा नावही कळतं. पण जवळची भावंडं असली तर १६-एसची फसगत होते. आणि प्रोबायोटिकचा पुरावा असतो तो एकेका स्ट्रेनचा, म्हणजे थेट रोल नंबरचा. एका रोल नंबरचे मार्क दुसऱ्याला देता येत नाहीत! त्यासाठी आता संपूर्ण जीनोम वाचतात. शिवाय पीसीआरची एक खोड आहे. मेलेल्या जिवाणूचा डीएनएसुद्धा तो हजर म्हणून मोजतो. म्हणजे सरळ प्रॉक्सी अटेंडन्स. ती पकडायला प्रोपिडियम मोनोअॅझाइडसारखा रंग वापरतात. तो फुटलेल्या पेशींत शिरून त्यांचा डीएनए निकामी करतो, त्यामुळे पीसीआरला मुख्यतः जिवंत पेशींचाच डीएनए मिळतो. त्यातून २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलसचं मोठं एकत्र कुटुंब २५ घरांत विभागलं गेलं आणि बऱ्याच जणांची आडनावंच बदलली. व्हायवाला जुनं नाव सांगू नका.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या केली. तिचा मथितार्थ असा, की सूक्ष्मजीव जिवंत हवा, पुरेशा संख्येने घेतला जायला हवा आणि घेणाऱ्याच्या आरोग्याला त्याचा फायदा व्हायला हवा. भारतात २०११ मध्ये आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही स्ट्रेनपर्यंत ओळख पटवायला सांगितलं आहे. म्हणजे मॅडमनी विचारलेला प्रश्न हाच सगळ्या शास्त्राचा प्रश्न होता.

मग मेचनिकॉफ नापास का? मला तसं वाटत नाही. त्याचा लाडका जिवाणू आतड्यात कायमचा राहत नाही, पण योगर्टमधले जिवंत जिवाणू दुधातली लॅक्टोज साखर पचवायला मदत करतात, हे २०१० मध्ये युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने पुरावे तपासून मान्य केलं. पाहुणा राहिला नाही, पण जाता जाता काम करून गेला. आणि पोटातले जिवाणू आपले सोबती असू शकतात, हा त्याचा मूळ विचार तर आज सगळीकडे रुजला आहे. उत्तर चुकलं, प्रश्न बरोबर होता. स्टेपचे मार्क तरी द्यायलाच हवेत.

पहिल्या महायुद्धात पाश्चर संस्थेतली तरुण मुलं आघाडीवर गेली, प्रयोगशाळा ओस पडल्या. माणसाचं आयुष्य वाढवायला बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांसमोर विशी-पंचविशीची मुलं मरत होती. त्याचं हृदय थकत गेलं आणि १९१६ च्या जुलैमध्ये, ७१ व्या वर्षी तो पॅरिसमध्ये वारला. शेवटच्या आजारातही त्याने सहकारी डॉक्टरला बजावून ठेवलं होतं की मेल्यावर माझी आतडी नीट तपासून बघा. स्वतःचं उत्तरसुद्धा तपासून घ्यायची तयारी ठेवून गेला! त्याच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

आता आमच्या प्रोजेक्टचं काय झालं? मॅडमच्या परवानगीने आम्ही एक कॉलनी पुन्हा शुद्ध केली आणि सीक्वेन्सिंगला पाठवली. उत्तर आलं, लिमोसिलॅक्टोबॅसिलस फर्मेंटम. आपल्या घरगुती दह्यात हा भेटतो. पण आमच्या या रोल नंबरचा माणसांवर कुठलाच अभ्यास झालेला नाही. म्हणून रिपोर्टमध्ये आम्ही लिहिलं की मेसच्या दह्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारा जिवाणू जिवंत सापडला, तो प्रोबायोटिक असल्याचा पुरावा आमच्याकडे नाही. संपूर्ण रिपोर्टमधलं हे माझं सगळ्यांत आवडतं वाक्य आहे.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, कोमट दुधात बोट बुडवून पाहिलं आणि विरजण लावलं. सकाळी दही छान कवडी पडलं होतं. ते प्रोबायोटिक आहे की नाही, मला माहीत नाही. दोन वाट्या खाल्ल्या!